जर्मनीत नव्याने येताय? आरोग्य विम्याचं आधी ठरवा

जर्मनीत नोकरी लागलेल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो: "टीके घेऊ की आओके?" (या दोन इथल्या आरोग्य विमा संस्था.) प्रश्न बरोबर आहे, पण नंबर चुकलाय. तो तिसरा. पहिला प्रश्न असा की तुमचा पगार जर्मनीत होणार की भारतात. दुसरा, तुम्ही पब्लिक विम्यात जाणार की प्रायव्हेट विम्यात. ही दोन उत्तरं मिळाली की टीके-आओकेचा घोळ एका संध्याकाळी मिटतो. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र काही जणांच्या हातात मोजके तीन महिनेच असतात आणि ते कधी सरले हे त्यांना कळतही नाही. म्हणून हा लेख विमान पकडायच्या आधी वाचलेला बरा.

एक गोष्ट सुरुवातीलाच. जर्मनीत विमा घ्यायचा की नाही, हा पर्याय तुमच्याकडे नसतो. १८८३ साली चान्सलर बिस्मार्कच्या काळात कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला, आणि २००९ पासून इथे राहणाऱ्या प्रत्येकालाच विमा बंधनकारक आहे. "तब्येत ठणठणीत आहे, पुढच्या वर्षी बघू" हे इथे चालत नाही. खाली दिलेले आकडे २०२६ चे आहेत. दर १ जानेवारीला ते बदलतात, त्यामुळे सही करण्याआधी चालू वर्षाचे आकडे बघून घ्या.

पहिली पायरी: ऑफर लेटर नीट वाचा

हिंजवडीतल्या कंपनीने तुम्हाला दोन वर्षांसाठी फ्रँकफुर्टला पाठवलंय, करार भारतीय कंपनीशीच आहे, पगार भारतातच होतो आणि वर इथला भत्ता मिळतो. हे झालं डेप्युटेशन. ठरावीक मुदतीसाठी असं पाठवलेला माणूस जर्मन सामाजिक विम्याच्या बाहेर राहतो. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, तो १ मे २०१७ पासून लागू झाला, आणि त्यासाठी ईपीएफओचं (भारताच्या भविष्य निर्वाह निधी संघटनेचं) प्रमाणपत्र कंपनी काढून देते. पण तो करार पेन्शनपुरता आहे. आजारी पडल्यावर तो कामाला येत नाही. तुमचा आरोग्य विमा म्हणजे कंपनीने घेतलेली ग्रुप पॉलिसी.

इथे एचआरला भीड न ठेवता विचारा. बायको-मुलं त्यात आहेत का? बाळंतपण आहे का, आणि असल्यास किती महिन्यांनंतर? आधीपासूनचा थायरॉईड किंवा बीपी चालतो का? दात? हॉस्पिटलचं बिल कंपनी थेट भरते की आधी आपण भरायचं? "मेडिकल कव्हर्ड आहे" या तोंडी उत्तरावर समाधान मानू नका, पॉलिसीचा कागद मागून घ्या. बाळंतपणाचा मुद्दा तर निघायच्या आधीच स्पष्ट झालेला हवा. नंतर तो सोडवायला फारसे मार्ग उरत नाहीत.

करार जर्मन कंपनीशी असेल आणि पगार इथल्या खात्यात होणार असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

दुसरी पायरी: मधले दिवस झाका

नोकरदाराचा पब्लिक विमा सुरू होतो तो नोकरीच्या पहिल्या दिवशी. तुम्ही २० तारखेला उतरलात आणि जॉइनिंग १ तारखेला असेल, तर मधले दहा-अकरा दिवस तुम्ही उघडे. व्हिसा देतानाही प्रवेशाच्या दिवसापासून विमा दाखवावा लागतो. त्यासाठी ट्रॅव्हल पॉलिसी घ्यायची, निदान ३०,००० युरोची, शेंगेन देशांत चालणारी. जॉइनिंगच्या तारखेपुढे थोडी लांबवूनच घ्या. जॉइनिंग पुढे ढकललं जाणं ही इथे अगदी नेहमीची गोष्ट आहे, विशेषतः आधीच्या कंपनीने रिलीव्हिंग लेटर रखडवलं तर.

आता खरा विषय.

तिसरी पायरी: पब्लिक म्हणजे काय ते समजून घ्या

इथली मराठी माणसं ज्याला "पब्लिक" म्हणतात ते सरकारी खातं नव्हे. क्रांकनकासे नावाच्या शंभराच्या आत संस्था आहेत, त्या स्वतःचा कारभार स्वतः बघतात, पण काय द्यायचं आणि किती घ्यायचं याची चौकट कायद्याने आखलेली आहे. भारतातल्या मेडिक्लेमची सवय असलेल्या माणसाला यातल्या तीन गोष्टी खऱ्याच वाटत नाहीत.

पहिली: आधीचे आजार विचारतच नाहीत. मधुमेह असो, बायपास झालेली असो, हप्ता तोच आणि उपचार पहिल्या दिवसापासून. वेटिंग पीरियड नावाचा प्रकारच नाही. दुसरी: विम्याच्या रकमेला मर्यादा नाही. पाच लाख की दहा लाख, हा हिशोब इथे नसतो. तिसरी: हप्ता वयावर ठरत नाही, पगारावर ठरतो. आणि कमावता नसलेला जोडीदार व मुलं त्याच हप्त्यात, एक युरोही जास्त न देता.

आता हिशोब. मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के. त्यावर प्रत्येक कासेचा स्वतःचा जादा दर, ज्याची सरासरी २०२६ साठी २.९ टक्के धरलेली आहे. दोन्ही मिळून १७.५ टक्के, त्यातला अर्धा भाग कंपनी भरते. त्याच्या जोडीला फ्लेगे, म्हणजे म्हातारपणी किंवा अपंगत्वात लागणाऱ्या देखभालीचा विमा: ३.६ टक्के, तोही अर्धा अर्धा. तुम्हाला मूल नसेल आणि वय २३ च्या पुढे असेल, तर ०.६ टक्के आणखी, तो पूर्ण तुमच्या खिशातून. (मूल नसल्याचा दंडच म्हणा. मुंबईतल्या मावशीलाही एवढी घाई नसते.) नोकरी ड्रेस्डेन किंवा लाइप्झिगला असेल तर फ्लेगेची वाटणी वेगळी आहे, झाक्सन राज्यात कर्मचाऱ्याचा वाटा थोडा जास्त पडतो.

वर्षाला ६०,००० युरो पगार धरू, म्हणजे महिन्याला ५,०००. आरोग्य विम्याचा तुमचा वाटा ८.७५ टक्के, म्हणजे ४३७.५० युरो. फ्लेगे, मूल नसेल तर, २.४ टक्के: १२० युरो. एकूण ५५७.५० युरो महिन्याला, आणि हे पगार हातात यायच्या आधीच कापलं जातं. पहिली पेस्लिप बघून पोटात गोळा येतो तो याचमुळे. पण याला वरची मर्यादा आहे: महिन्याला ५,८१२.५० युरोपुढच्या पगारावर हप्ता लागत नाही. त्यामुळे पगार ७०,००० असो की १,२०,०००, तुमचा वाटा सरासरी दराच्या कासेत आणि मूल नसताना साधारण ६४८ युरोवर थांबतो.

ही रक्कम पाहून लोक लगेच पुण्यातल्या पॉलिसीच्या हप्त्याशी तुलना करतात. ती तुलना टिकत नाही. लांब आजारपण आलं तर पहिले सहा आठवडे पगार कंपनी देते आणि त्यानंतर कासे साधारण ७० टक्के पगार देते, एकाच आजारासाठी तीन वर्षांत मिळून ७८ आठवड्यांपर्यंत. बाळंतपण, घरी येणारी सुईण, बाळाच्या ठरलेल्या तपासण्या, सगळं यात आहे. मूल आजारी पडलं तर घरी राहायला आई-बाबा दोघांनाही वर्षाला दर मुलामागे १५ दिवस, आणि त्या दिवसांच्या पगाराचा मोठा भाग कासे देते.

न मिळणाऱ्या गोष्टीही ऐका. चष्मा, फार मोठा नंबर नसेल तर, तुमचा तुम्ही. दाताच्या कॅपला कासे ठरलेल्या साध्या उपचाराच्या ६० टक्के देते. दरवर्षी तपासणी करून बोनस पुस्तिकेत शिक्का घेत गेलात तर टक्केवारी वाढते. औषधाच्या प्रत्येक पाकिटामागे ५ ते १० युरो द्यावे लागतात, हॉस्पिटलमध्ये दिवसाला १० युरो, वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. आणि स्पेशालिस्टच्या अपॉइंटमेंटला लागणारा वेळ. त्वचेच्या डॉक्टरची तारीख दोन-तीन महिन्यांनंतरची मिळाली तर दचकू नका.

चौथी पायरी: प्रायव्हेटचं गणित पुढच्या वीस वर्षांवर मांडा

कर्मचाऱ्याला प्रायव्हेटमध्ये जाता येतं ते वर्षाचा पगार एका मर्यादेच्या वर असेल तरच. ती मर्यादा २०२४ ला ६९,३०० युरो होती, २०२५ ला ७३,८०० झाली आणि २०२६ ला ७७,४०० आहे. ब्लू कार्डासाठी (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यासाठी) लागणारा किमान पगार २०२६ ला ५०,७०० आहे, तुटवड्याच्या व्यवसायांसाठी त्याहून कमी. म्हणजे नव्याने येणाऱ्या बहुतेकांपुढे हा प्रश्न येतच नाही. ते आपोआप पब्लिकमध्ये जातात.

ज्यांचा पगार मर्यादेपुढे आहे त्यांना एजंटचे फोन सुरू होतात. एजंट बरेचदा भारतीयच असतो, हिंदीत गोड बोलतो, आणि एक साधा तक्ता पुढे करतो: पब्लिकला एवढे, प्रायव्हेटला त्याच्या निम्मे, फरक दरमहा तुमच्या खिशात. तक्ता खोटा नसतो. तिशीतल्या निरोगी, एकट्या माणसाला प्रायव्हेट स्वस्तच पडतं. डॉक्टरची तारीख लवकर मिळते, हॉस्पिटलात खोली चांगली मिळते, दातांचं कव्हर भारी असतं. तक्त्यात पुढची वर्षं नसतात, इतकंच. प्रायव्हेट पॉलिसी विकल्यावर मध्यस्थाला मिळणारं कमिशन कायद्याने साधारण नऊ मासिक हप्त्यांइतकं बांधलेलं आहे. पब्लिकमध्ये आणून दिल्याचे त्याला त्या मानाने चिल्लर पैसे मिळतात. तो सल्ला कुठल्या बाजूने देतोय हे समजायला एवढं पुरे.

प्रायव्हेटमध्ये हप्ता माणशी असतो. लग्न झालं, बायको आली आणि तिला नोकरी नाही: दुसरा हप्ता. मूल झालं: तिसरा. मुलासाठी सुट्टीवर गेलात, पगार बंद झाला, तरी हप्ता चालू, आणि कंपनीचा वाटाही त्या काळात तुम्हीच भरायचा. बाळंतपण आणि दातांच्या कामांसाठी आठ महिन्यांपर्यंतचा वेटिंग पीरियड असू शकतो. डॉक्टरचं बिल आधी तुम्ही भरता, मग कागद पाठवून पैसे परत घेता. वय वाढतं तसा हप्ता चढतो. तो फार चढू नये म्हणून कंपनी तुमच्याच हप्त्यातून राखीव रक्कम बाजूला ठेवते, पण तुम्ही जर्मनी सोडून पुण्याला परत गेलात तर ती रक्कम तुमच्याबरोबर येत नाही.

घेण्याआधी आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते. पाठदुखीसाठी घेतलेली फिजिओथेरपी, कॉलेजात असताना घेतलेलं समुपदेशन, सगळं विचारतात. "भारतातलं कोणाला कळतंय" म्हणून लपवू नका. लपवलेलं निघालं तर कंपनी करारातून अंग काढून घेऊ शकते. मुद्दाम लपवलं असेल तर त्यासाठी तिला दहा वर्षांची मुदत आहे. आणि ते निघतं नेमकं मोठं बिल येतं तेव्हाच.

परतीचा रस्ता अरुंद आहे. पगार मर्यादेखाली आला तर तुम्ही पब्लिकमध्ये परत येता, वयाची ५५ वर्षं पूर्ण होईपर्यंत. त्यानंतर दार जवळपास बंद. उलट बाजूने, मर्यादाच दरवर्षी वाढत असल्याने नको असतानाही माणूस खाली सापडतो. २०२५ ला ७५,००० युरो पगारावर प्रायव्हेटमध्ये गेलेला माणूस, पगार तेवढाच राहिला, तर २०२६ मध्ये सक्तीने पब्लिकमध्ये येतो. बाहेर राहायचं असेल तर तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो आणि ती सूट मागे घेता येत नाही.

माझं मत विचाराल तर: लग्न व्हायचंय, मुलं व्हायची आहेत, आणि इथे राहायचं की परत जायचं हे ठरलेलं नाही, अशा माणसाने पब्लिकच घ्यावं. दोघेही चांगलं कमावणारे, मूल नको असं नक्की ठरलेलं, तब्येत निरोगी, आणि वाचलेला फरक खरोखर बाजूला गुंतवणारे असाल तर प्रायव्हेटचा विचार जरूर करा. वाचलेला फरक इटलीच्या सहलीत गेला तर ती बचत नव्हे.

आणि ते तीन महिने

जास्त पगारावर आलेल्यांनी हे दोनदा वाचावं. ७७,४०० च्या वर पगार असलेला माणूस पब्लिकसाठी सक्तीचा सभासद नसतो, तो ऐच्छिक सभासद होतो. ऐच्छिक सभासद होण्यासाठी साधारणपणे आधीचा जर्मन विमा लागतो, जो भारतातून नुकत्याच आलेल्याकडे नसतो. पण जर्मनीत आयुष्यातली पहिली नोकरी धरणाऱ्याला कायद्याने एक सवलत आहे: नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कासेकडे अर्ज केला तर घेतात. ती मुदत हुकली तर पगार मर्यादेखाली येईपर्यंत प्रायव्हेटवाचून गत नाही. म्हणून ठरत नसेल तर आधी पब्लिकमध्ये शिरा. पगार मर्यादेपुढे असेल आणि प्रायव्हेट कंपनी घेत असेल, तर पब्लिकमधून प्रायव्हेटमध्ये नंतरही जाता येतं.

"एक्स्पॅट पॉलिसी" किंवा "इनकमिंग पॉलिसी" नावाचा स्वस्त प्रकारही दिसेल. पाहुण्यांसाठी, भाषेचा कोर्स करणाऱ्यांसाठी, मधल्या आठवड्यांसाठी तो ठीक. नोकरीत असताना तोच मुख्य विमा म्हणून घेऊ नका. यात आधीचे आजार वगळलेले असतात, मुदत बहुतेकदा जास्तीत जास्त पाच वर्षं, फ्लेगे नसतो. व्हिसा वाढवताना किंवा कायमच्या परवान्याच्या वेळी परदेशी नागरिकांचं कार्यालय तो कागद परत करू शकतं. स्वतःचा व्यवसाय करायला येणाऱ्यांची इथे खरी पंचाईत होते, कारण आधीची विमा-वर्षं नसताना त्यांना पब्लिक घेत नाही. शक्य असेल तर आधी एखादं-दोन वर्षं नोकरी, मग व्यवसाय, हा क्रम सोयीचा.

पाचवी पायरी: आता टीके की आओके

उपचारांचं बहुतेक सगळं कायद्यानेच ठरलेलं असल्याने कासे-कासेत फरक थोडा. बघायच्या गोष्टी तीनच: जादा दर, इंग्रजीतून मिळणारी सेवा, आणि वरच्या किरकोळ सवलती, जसं दातांच्या सफाईला अनुदान, प्रवासाच्या लसी, योगवर्गाचे पैसे. टेक्निकर, म्हणजे टीके, सर्वांत मोठी. इंग्रजी ॲप आणि फोनसेवा यांमुळे भारतीयांत ती जास्त चालते. आओके राज्याराज्यांची वेगळी, गावोगावी कार्यालयं, समोर बसून बोलायचं असेल तर सोयीची. बार्मर आणि डीएके याही मोठ्या.

जादा दरात एक टक्क्याचा फरक म्हणजे कमाल पगारावर तुमच्या वाट्याला महिन्याला साधारण २९ युरो. दुर्लक्ष करण्याइतका कमी नाही, पण जर्मन येत नसताना इंग्रजीत फोन उचलणारी कासे पहिलं वर्ष तरी तेवढ्या पैशाला महाग नाही. पुढे बदलता येते: बारा महिने राहिल्यावर दोन महिन्यांच्या नोटिशीने, नोकरी बदलली की लगेच, आणि कासेने जादा दर वाढवला तर बारा महिने न थांबता. जुन्या कासेला पत्रही लिहावं लागत नाही, नवी कासेच ते बघते.

अर्ज भारतातून करता येतो. पासपोर्ट, नोकरीचा करार, फोटो. पत्ता नसेल तर कंपनीचा किंवा तात्पुरता द्या आणि नंतर कळवा. सभासदत्वाचा दाखला कासेकडून कंपनीकडे परस्पर जातो. तुम्ही काहीच कळवलं नाही तर एचआर स्वतःच एखाद्या कासेत नाव घालून मोकळं होतं. कार्ड पोस्टाने येतं, म्हणून लेटरबॉक्सवर तुमचं आडनाव चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन कार्ड परत नेतो. पहिल्या महिन्यातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ हेच असतं.

कार्ड आलं की आजारी पडायची वाट न पाहता घराजवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, शोधा आणि नाव नोंदवा. बरेच जण नवे पेशंट घेत नाहीत. दवाखाना बंद असताना ११६११७, जिवावर बेतलं असेल तर ११२.

सहावी पायरी: बायको, नवरा, मुलं

फुकटचा कौटुंबिक विमा आपोआप लागत नाही, त्याचा फॉर्म भरावा लागतो. जोडीदाराचं उत्पन्न २०२६ साठी महिन्याला ५६५ युरोपर्यंत चालतं, मिनीजॉब (कमी पगाराची छोटी नोकरी) असेल तर ६०३ पर्यंत. भारतातल्या फ्लॅटचं भाडं किंवा एफडीचं व्याज जोडीदाराच्या नावावर असेल तर तेही उत्पन्नच, फॉर्ममध्ये तसा प्रश्न असतो. लग्नाचा दाखला अपोस्टिल करून (परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का घेऊन) आणा. विम्याला नाही तरी नगरपालिकेच्या नोंदणीला लागतोच.

घरात एक पब्लिक आणि एक प्रायव्हेट असेल तर मुलाचं काय? प्रायव्हेटवाल्याचा पगार जास्त आणि मर्यादेच्या वर असेल, तर मूल दुसऱ्याच्या पब्लिक विम्यात फुकट बसत नाही. बाळ होण्याआधी हे कळलेलं बरं.

विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात

वय तीसच्या आत आणि विद्यापीठात पूर्ण प्रवेश असेल तर पब्लिकचा विद्यार्थी दर, महिन्याला साधारण १४० ते १५० युरो. प्रायव्हेटमध्ये जायचं तर त्यातून सूट घ्यावी लागते आणि ती शिक्षण संपेपर्यंत फिरवता येत नाही. दरमहा चाळीस-पन्नास युरो वाचवायला बरेच जण हे करतात. मी त्यांना थांबवायचा प्रयत्न करतो. भाषेचा कोर्स किंवा स्टुडिएनकोलेग (विद्यापीठाआधीचा तयारीचा अभ्यासक्रम) करणाऱ्यांना विद्यार्थी दर मिळत नाही. तिशीनंतर मास्टर्सला येणाऱ्यांनी विम्याचं उत्तर प्रवेश घेण्याआधी शोधावं, बजेट तिथेच कोलमडतं.

आई-बाबा

पब्लिक विम्यात आई-वडील येत नाहीत. कितीही हप्ता भरा, येत नाहीत. १ मार्च २०२४ पासून पुढे पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांना कायम बोलावण्याचा मार्ग कायद्याने खुला झाला खरा, पण त्यांच्या आरोग्य विम्याची सोय आधी दाखवावी लागते. सत्तरीच्या, शुगर असलेल्या माणसाला परवडेल असा विमा मिळवणं फार अवघड, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

तीन महिन्यांच्या भेटीसाठी येताना व्हिसाला ३०,००० युरोची पॉलिसी लागते. हा व्हिसाचा किमान आकडा झाला, हृदयाच्या ऑपरेशनचा अंदाज नव्हे. ज्येष्ठांच्या भारतीय ट्रॅव्हल पॉलिसीत दोन कलमं बघा. एक, आधीच्या आजारांसाठी काय. बहुतेकदा फक्त जीव धोक्यात असेल तेवढंच. दुसरं, साठी-सत्तरीनंतर एकेका आजाराला लावलेली वेगळी मर्यादा, जी एकूण रकमेपेक्षा खूप कमी असते. थोडे पैसे जास्त गेले तरी मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या. जर्मन कंपन्यांच्या पाहुण्यांसाठीच्या पॉलिसीही आहेत, त्या येण्याआधी किंवा आल्यावर लगेच घ्याव्या लागतात. आणि बीपी-शुगरच्या गोळ्या तीन महिन्यांच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत.

भारतातली पॉलिसी बंद करू नका

जर्मन पब्लिक विमा भारतात चालत नाही. युरोपीय देशांत कार्डाची मागची बाजू उपयोगी पडते, मुंबईच्या हॉस्पिटलात नाही. म्हणून गणपतीला किंवा दिवाळीला घरी जाण्याआधी परदेश प्रवासाचा वार्षिक विमा घ्या. वर्षाला दहा-वीस युरोंत मिळतो. एका प्रवासाची मुदत मात्र सहा ते आठ आठवडेच असते, बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्यांनी ते नीट वाचावं.

परतण्याची शक्यता असेल तर भारतातला जुना मेडिक्लेम चालू ठेवा. तिथे आधीच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत वेटिंग असतं आणि सलग ६० महिने झाल्यावर कंपनीला जुन्या माहितीवरून क्लेम नाकारणं अवघड होतं, फसवणूक वगळता. ही सलगता तुटली की चाळिशीत पुन्हा पहिल्यापासून. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटीही शून्य झालाय. विमा कंपनीला फक्त परदेशातला पत्ता कळवा.

जाताना

नोकरी सोडून कायमचं परत निघालात तर नगरपालिकेत नाव काढल्याचा दाखला, म्हणजे आबमेल्डुंग, कासेला पाठवा. नुसतं विमानात बसलात तर तुमचं सभासदत्व संपल्याचं कासेला कळत नाही. ती तुम्हाला ऐच्छिक सभासद धरून चालू राहते, उत्पन्न सांगितलं नाही म्हणून कमाल दराने हप्ता लावते, आणि ही थकबाकी दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या नोकरीसाठी जर्मनीत परत आलात की पहिल्याच पत्रात समोर येते. निघण्याआधी कासेकडून किती काळ सभासद होतात त्याचा लेखी दाखला मागून घ्या आणि पासपोर्टच्या फायलीत ठेवा.